दहावीच्या दाखल्यानंतरचा दरवाजा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही काही मोठे वक्ते नाही. आम्ही गिरणी कामगार. उभा जन्म साच्याच्या खडखडाटात गेल्यामुळे आम्हाला मोठ्याने बोलायची सवय आहे, तेवढे सांभाळून घ्या. समितीने आम्हाला "शिक्षणाचे महत्त्व" हा विषय दिला होता. आम्ही म्हटले, शिक्षणाचे महत्त्व आता आपल्या वस्तीत कुणाला सांगायचे? ते बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे आणि आपल्या आयाबायांनी धुणीभांडी करून ते पाळले आहे. महत्त्व सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते पुढचे. म्हणून आम्ही आमच्याच मनाने विषय बदलून घेतला. आपल्या वस्तीतली महापालिकेची माध्यमिक शाळा आणि त्या शाळेतून दहावी झालेल्या पोरापोरींनी पुढे नेमके काय शिकायचे, यावर आज आम्ही बोलणार आहोत.

दरवर्षी निकाल लागला की काय होते ते आपण पाहतो. गुणपत्रिका घेऊन पोरे पेढ्याचा पुडा विहारात आणतात, भगवंतांना आणि बाबासाहेबांना वंदन करतात. आपण पाठ थोपटतो आणि विचारतो, "किती टक्के पडले?" पोरगं सांगतं, "बहात्तर." आपण म्हणतो, "शाब्बास." झाले, संपले! "पुढे काय घेणार? का घेणार?" हे विचारणारा माणूस शोधूनही सापडत नाही. आणि त्यानंतरच्या पंधरा दिवसांत, कुठल्यातरी झेरॉक्सच्या दुकानात, कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून त्या पोराच्या पुढच्या चाळीस वर्षांचा निकाल लागतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा दुसरा निकाल पहिल्यापेक्षा मोठा असतो, आणि तो आपण दुसऱ्यावर सोडून दिला आहे.

बंधू-भगिनींनो, विषय निवडायचा हक्क ही साधी गोष्ट नाही. बाबासाहेब या मुंबईतल्या सरकारी एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले. परळच्या चाळीतली एक खोली, तिच्यातच चूल, तिच्यातच माणसे. रात्री दोन वाजता वडील रामजीबाबा त्यांना अभ्यासाला उठवीत. त्या विद्यार्थ्याला संस्कृत शिकायचे होते. पण अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला नकार मिळाला आणि नाइलाजाने त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या मेहनतीने संस्कृतचा अभ्यास केला, ती गोष्ट वेगळी. पण शाळेतला तो दरवाजा त्यांच्यासाठी बंद होता. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या हिशेबाने अडतीस टक्केसुद्धा होत नाहीत! त्या गुणांचा तेव्हा जाहीर सत्कार झाला आणि त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. टक्क्यांवरून पोरांना टाकून बोलणाऱ्या आईबापांनी हा आकडा घरात लिहून ठेवावा.

आता आमच्या गिरणीचे घ्या. आमच्या आज्या-पणज्यांना विणकाम खात्यात, म्हणजे जिथे साचे चालत तिथे, घेत नसत. का? तर शटलमधला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा! पगार विणकामात जास्त, आणि आमची माणसे मात्र रिंग खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. म्हणजे शाळेत संस्कृतचा वर्ग बंद आणि गिरणीत साच्याचे खाते बंद. कुठे शिरायचे ते दुसऱ्याने ठरवायचे आणि आपण मान खाली घालून तिकडे जायचे. आज कायद्याने कुठलाही वर्ग बंद नाही. तरीसुद्धा आपली पोरे मान खाली घालून दुसरा सांगेल तिकडे जात असतील, तर दोष कुणाला द्यायचा?

आधी आपल्या शाळेविषयी दोन शब्द. महापालिकेची शाळा म्हटले की नाक मुरडणारे लोक आपल्यातही निघाले आहेत. आम्ही त्याच शाळेचे विद्यार्थी, आमची मुलेही तिथलीच. महापालिका मुलांना दप्तर, वह्या, गणवेश, बूट, छत्री अशा सत्तावीस वस्तू फुकट देते. आमच्या वेळी पाटी घरून न्यावी लागे. शिकवणारे चांगले असतात, वाईट असतात, तसे ते सगळीकडेच असतात. शाळा सुटल्यावर थांबून बीजगणित शिकवणाऱ्या बाई याच शाळेत आहेत. तेव्हा शाळेची निंदा करायला आम्ही उभे नाही. पण शाळेची हद्द कुठे संपते ते मात्र आईबापांनी ओळखले पाहिजे.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. तिथे कायद्याचा हात सुटतो. आपली शाळा दहावीपर्यंत, तिथे शाळेचा हात सुटतो. पूर्वी अकरावीला मॅट्रिक असे आणि ती शाळेतच होत असे. नव्या आकृतिबंधात दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली आणि पुढची दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयाकडे गेली. ज्या मोठ्या संस्थांच्या शाळेला कॉलेज जोडलेले आहे, तिथली पोरे त्याच फाटकातून आत जातात. त्यांच्यासाठी दहा टक्के इनहाऊस जागाही असतात. आपल्या शाळेला कॉलेज नाही. म्हणजे पंधरा वर्षांचे आपले पोर हातात दाखला घेऊन रस्त्यावर उभे राहते आणि पुढचा दरवाजा त्याला एकट्याला शोधायचा असतो. या रस्त्यावर त्याचा हात कुणी धरायचा? आमचे उत्तर असे की विहाराने धरायचा, वस्तीने धरायचा.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. संपात घर कसे चालले ते इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. १९८६ साली आम्ही दहावी झालो, बावन्न टक्के. गिरणीतल्या एका इलेक्ट्रिशियनचे काम आम्ही लहानपणी पाहिले होते. तोच धंदा शिकायचा, आयटीआयला जायचे, हे मनात पक्के होते. अर्ज आणला. अर्जासोबत जातीचा दाखला पाहिजे. शाळेच्या दाखल्यावर लिहिलेले "बौद्ध". कचेरीतला कारकून म्हणाला, "ही जात नाही, गावचा कागद आणा." वडील गावी गेले. कोतवाल बुकातली नोंद मिळायला दोन खेपा झाल्या. दाखला हातात पडला तेव्हा शेवटची तारीख होऊन नऊ दिवस झाले होते. वडील म्हणाले, "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू." गरिबाच्या घरात पुढचे वर्ष कधी येत नाही. १९८८ साली आम्ही वडिलांच्या जागेवर बदली म्हणून गिरणीत लागलो. मार्च २०२० मध्ये साचे थांबले तोपर्यंत तिथेच होतो. वाचायला आम्ही शिकलो ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर, रातपाळी नसेल त्या रात्री. त्याचे दुःख नाही. पण नऊ दिवसांनी माणसाचे आयुष्य कुठल्या कुठे जाते, एवढे मात्र आम्ही शिकलो.

शिकलो म्हणतो, पण खरेच शिकलो का? आज इतक्या लोकांसमोर एक कबुली द्यायची आहे. आमची थोरली मुलगी २०१४ साली याच शाळेतून दहावी झाली. अठ्ठ्याहत्तर टक्के. तेव्हा आम्ही कुठे होतो? आम्ही सभेत होतो! शिक्षणाच्या महत्त्वावर भाषणे ठोकत होतो. फॉर्म ऑनलाइन होता. पोरगी आईला घेऊन सायबर कॅफेत गेली. तिथला पोरगा म्हणाला, "मुलीला कॉमर्स बरं, बँकेत लागेल." त्याने फॉर्म भरला, पन्नास रुपये घेतले. पहिल्याच पसंतीचे कॉलेज लागले. आम्ही पेढे वाटले. दोन वर्षांनी बारावी झाल्यावर ती एक दिवस जेवताना सहज बोलून गेली, "पप्पा, मला नर्सिंगला जायचं होतं. बायोलॉजी घ्यायची होती." आम्ही म्हटले, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही."

घास हातात तसाच राहिला. पुढे आणखी एक गोष्ट कळली, तिने तर आम्हाला रात्रभर झोप लागली नाही. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागते हे खरे. पण जीएनएम नावाचा नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. त्याला कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय आणि चाळीस टक्के गुण हवेत. सायन्सवाल्यांना प्राधान्य, पण बाकीच्यांना दार बंद नाही. म्हणजे कॉमर्स करूनसुद्धा तिचा रस्ता उघडा होता! तो आम्हाला कळला तेव्हा तिचे बी.कॉम. संपत आले होते. आमच्या वडिलांच्या वेळी कागद मिळाला नाही. आमच्या वेळी कागद होता, माहिती होती, फक्त बापाने विचारले नाही. कारकुनाला आम्ही तीस वर्षे शिव्या दिल्या. या वेळी शिव्या कुणाला देणार?

म्हणून आता पालकांनी कान देऊन ऐका. दहावीनंतरचे रस्ते आम्ही एक एक करून सांगतो.

पहिला, सायन्स. डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी, बी.एस्सी. नर्सिंग, लॅबोरेटरी या सगळ्यांचा रस्ता इथून जातो. फिजिक्स, केमिस्ट्री सर्वांना. पुढे गणित घ्यायचे की बायोलॉजी, की दोन्ही, हे अकरावीतच ठरवावे लागते. बायोलॉजी सोडली की मेडिकल सुटले, गणित सोडले की इंजिनिअरिंग सुटले. चांगला अभ्यास असेल आणि मन ठरत नसेल तर दोन्ही घ्यावे. काही कॉलेजांत इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स असे दोनशे गुणांचे बायफोकल विषय असतात. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपले पोर मराठी माध्यमातून आलेले असते आणि अकरावी सायन्स इंग्रजीत शिकवतात. "अपवर्तन" पाठ असलेला हुशार मुलगा "रिफ्रॅक्शन" ऐकून घाबरतो आणि त्याला वाटते की आपल्याला डोके नाही. डोके आहे बाळा, शब्द नवा आहे! दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. जूनपर्यंत विज्ञानाच्या पुस्तकातले हेच शब्द इंग्रजीत लिहून काढा. दोन महिन्यांचे काम आहे.

दुसरा, कॉमर्स. बुक-कीपिंग, अर्थशास्त्र, ओसी हे विषय. त्यात गणित घ्यायचे की एसपी, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, हे निवडायचे असते. "गणित नको, अवघड आहे" म्हणून सगळे एसपीकडे पळतात. पण गणित सोडले की पुढे संख्याशास्त्र, कॉम्प्युटर अशा काही वाटा अरुंद होतात. निदान कळून-सवरून सोडा.

तिसरा, आर्ट्स. आपल्याकडे आर्ट्स म्हणजे नापासांची शाखा असे एक खूळ शिरले आहे. अहो, बाबासाहेब १९१२ साली बी.ए. झाले ते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन! इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र हे विषय आवडीने घेतलेल्याला पुढे स्पर्धा परीक्षा आहे, पत्रकारिता आहे, समाजकार्य आहे, डी.एड. आहे. बारावीनंतरचा पाच वर्षांचा वकिलीचा अभ्यासक्रम तर तिन्ही शाखांना खुला आहे. मात्र "सोपं आहे, कॉलेजला नाही गेलं तरी चालतं" म्हणून आर्ट्स घ्यायचे असेल तर ते आमच्या हिशेबी शिक्षणच नव्हे.

चौथा, व्यवसाय शिक्षण. पूर्वी ज्याला एमसीव्हीसी म्हणत, आता एचएसव्हीसी म्हणतात. यात बारावीही होते आणि एक धंदाही हाताशी येतो.

पाचवा, आयटीआय. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर हे दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. त्यानंतर कारखान्यात ॲप्रेंटिसशिप करता येते. दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षात थेट जाता येते. म्हणजे ही बंद गल्ली नव्हे. आमची ती गल्ली हुकली, तुमची हुकवू नका.

सहावा, पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा. दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात थेट जाता येते. माटुंग्याचे व्हीजेटीआय १८८७ साली सुरू झाले. आमच्या गिरण्यांतले स्पिनिंग मास्तर, वीव्हिंग मास्तर तिथूनच शिकून यायचे. आमचे आजोबा ज्यांना सलाम ठोकायचे, ते ज्या वर्गात शिकले त्या वर्गात आज तुमची पोरगी बसू शकते. त्यासाठी आधी त्या वर्गाचे नाव घरात निघाले पाहिजे.

आणि ज्यांची दहावी अडकली आहे, त्यांनी तोंड लपवू नये. पुरवणी परीक्षा आहे. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला बसता येते. दिवसा काम करावे लागते त्याला सतरा नंबरचा फॉर्म आहे. मुंबईच्या रात्रशाळा तर आहेतच, गिरणीतून सुटून थेट बाकावर बसणारी माणसे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत.

आता फॉर्मचे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने सुरू झाले. फॉर्मचे दोन भाग. पहिल्यात आपली माहिती, दुसऱ्यात कॉलेजांची पसंती, जास्तीत जास्त दहा. या पसंतीच्या क्रमात सगळी मेख आहे. पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले आणि तुम्ही गेला नाहीत, तर पुढच्या नियमित फेऱ्यांत तुमचे नाव येत नाही. त्यामुळे एक नंबरला नाव टाकताना तीन गोष्टी पाहा. शाखा हवी तीच आहे ना? कॉलेज अनुदानित आहे की विनाअनुदानित? घरून गाडीने, बसने किती वेळ लागतो? नावापुढचा "विनाअनुदानित" हा शब्द न वाचल्यामुळे हजारोंची फी समोर आली आणि पोर घरी बसले, असे आपल्याच वस्तीत झाले आहे. अनुदानित ठिकाणी मुलींना बारावीपर्यंत शिकवणी फी माफ आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

अनुसूचित जातीसाठी तेरा टक्के जागा आहेत. पण नुसते "आम्ही बौद्ध" म्हणून ती जागा मिळत नाही, कागद लागतो. राज्याच्या सवलती नवबौद्धांना आधीपासून होत्या. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या. त्यासाठी किती मोर्चे निघाले, किती माणसे तुरुंगात गेली, ते आज पोरांना सांगावे लागते. तो हक्क आपण एका कागदापायी घालवतो! जातीचा दाखला काढण्यासाठी आपले कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वी कुठे राहत होते त्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, गावची जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुकातला उतारा यांपैकी काहीतरी शोधावे लागते. त्या वेळी आजोबा गावी असतील तर दाखला त्या जिल्ह्यातून निघतो. यात महिने जातात. म्हणून आमचे सांगणे आहे की पोर आठवीत गेले की कागदाला लागा. सायन्सवाल्यांनी अकरावीतच कॉलेजमार्फत जात पडताळणीचा अर्ज करावा, बारावीच्या निकालानंतर धावपळ करू नये. केंद्राच्या प्रवेशासाठी दाखल्याचा नमुना वेगळा असतो, तोही वेळेत काढावा.

पैशाचे सांगतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून मिळते. अर्ज महाडीबीटीवर करायचा, बँक खाते आधारला जोडलेले हवे. दहावीला पंच्याहत्तर टक्के किंवा जास्त पडलेल्या आपल्या मुलांना अकरावी-बारावीत राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे, महिना तीनशे रुपये, दहा महिने. रक्कम लहान आहे, पण बसच्या पासाला तरी होते. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. ती काढली तर नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार मिळतात. आपल्या शाळेतली किती मुले तिला बसतात, हे येत्या सोमवारी शाळेत जाऊन प्रत्येक आईने विचारावे.

हे सगळे झाले तरी एक गोष्ट राहते आणि ती फुकट आहे. पोराला विचारा. "तुला काय आवडतं? का आवडतं? ते काम करणारा माणूस कधी पाहिलास का?" पाहिला नसेल तर दाखवा. आपल्या वस्तीत नर्स आहेत, बेस्टमध्ये वायरमन आहेत, बँकेत क्लार्क आहेत, दोन वकील आहेत. त्यांच्याजवळ एक तास पोराला बसवा. शेजाऱ्याच्या मुलाने सायन्स घेतले म्हणून आपल्याने घ्यायचे, हे बंद करा. आणि मुलीच्या बाबतीत तर हात जोडून सांगतो, "ती काय, परक्याच्या घरी जाणार" हे वाक्य आपल्या घरांतून अजून गेलेले नाही. तोंडाने म्हणत नाही, पण फॉर्म भरताना ते आपल्या हातातून उतरते. सायबर कॅफेतल्या त्या पोराने आमच्या मुलीचा फॉर्म भरला, पण ते वाक्य आमच्याच घरातले होते.

भाषण करून मोकळे व्हायचे आम्ही सोडून दिले आहे, म्हणून समितीपुढे तीन सूचना ठेवतो. एक, आठवीपासूनच्या प्रत्येक मुलाची एक फाईल घरोघरी तयार व्हावी. जन्मदाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, बँक पासबुक, सगळे तिच्यात. दोन, दर रविवारी वंदनेनंतर एक तास विहारात टेबल मांडावे. शिकलेल्या मुलांनी तिथे बसावे, विचारायला आलेल्याला परत पाठवू नये. तीन, मे-जून महिन्यात फॉर्म विहारातच भरला जावा आणि पसंतीक्रम टाकताना आई किंवा बाप शेजारी हजर असावा. पोराने आपल्या तोंडाने शाखा सांगितल्याशिवाय बटण दाबू नये.

तिसऱ्या सूचनेची सुरुवात झाली आहे. आमची थोरली आज एका ऑफिसात हिशेब लिहिते. काम मनाजोगे नाही, पण रडत बसली नाही. गेली तीन वर्षे जून महिन्यात ती कामावरून सुटली की आपला लॅपटॉप घेऊन विहारात येते आणि पोरांचे फॉर्म भरते. गेल्या वर्षी एक मुलगी आईबरोबर आली होती. आई म्हणाली, "ताई, कॉमर्स टाका, सगळे तेच म्हणतात." थोरलीने लॅपटॉप बंद केला. आईला चहा दिला आणि मुलीला विचारले, "तू काय म्हणतेस?" ती पोरगी बराच वेळ खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला डिप्लोमा करायचाय. सिव्हिलचा." आई चकित! "हे कधी ठरवलंस?" तर म्हणते, "सहावीत. आपली चाळ पाडून नवी बिल्डिंग बांधत होते तेव्हा."

ती पोरगी आज डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात आहे आणि आता इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचे नाव घेत नाही, लाजेल. टाळ्या मात्र वाजवा! पण लक्षात ठेवा, चार वर्षे ही गोष्ट त्या पोरीच्या पोटात होती. शाळेला ठाऊक नव्हती, आईला ठाऊक नव्हती, आम्हाला ठाऊक नव्हती. आज घरी गेल्यावर जेवायला बसाल तेव्हा आपल्या पोरांना विचारा. उत्तर लगेच येणार नाही. थांबा. आम्ही थांबलो नाही, त्याची किंमत दुसऱ्याने भरली.



जयभीम! नमो बुद्धाय!